ड आणि ध यांच्यामधली फट

‘हे मला तेव्हा ठाऊक असतं, तर माझ्या कानानं वेगळं ऐकलं असतं का?’

हा प्रश्न मला परिचारिका सुनंदा हिवराळे यांनी विचारला. त्यांना तेव्हा ठाऊक नसलेली गोष्ट तशी लहान आहे. ‘अडीच’ हा शब्द ‘अर्धतृतीय’ या संस्कृत शब्दापासून झिजत आलेला आहे. अर्थ असा की दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. अडीचच्या पोटात अर्धा आहेच. मराठीने हे दोन शब्द एकमेकांपासून पुरेसे दूर ठेवले: अर्धी आणि अडीच. गुजरातीत ते शेजारी राहिले. अर्ध्या गोळीला ‘अडधी’ म्हणतात, अडीच गोळ्यांना ‘अढी’. ‘अडधी’ म्हणताना ड आणि ध यांच्यामध्ये जीभ टाळूकडून दातांकडे सरकते आणि तेवढ्यात एक बारीक फट पडते. ती फट बुजली की ऐकणाऱ्याकडे ‘ढ’ पोहोचतो. १७ जानेवारी २०१७ रोजी, मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास, घाटकोपर पश्चिमेच्या एका अठ्ठावीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये, टेलिफोनवर, ती बुजली. त्या नर्सिंग होमचे नाव येथे देण्याचे कारण नाही.

सुनंदा हिवराळे यांचा जन्म १९७१चा. त्यांचे वडील भीमराज बहात्तरच्या दुष्काळात जालना जिल्ह्यातून बायको-मुलीसह मुंबईत आले आणि काही वर्षे मिळेल ते काम केल्यावर देवनारच्या बस आगारात मेकॅनिक म्हणून लागले. घर घाटकोपर पूर्वेला, पंतनगरात. भीमराजांना इंग्रजी वाचता येत नसे, मात्र पान्यांची मापे तोंडपाठ होती. आगारात इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणत; चार सूत म्हणजे अर्धा इंच. रविवारी दुपारी ते घरी आणलेले पाने रॉकेलच्या फडक्याने पुसत बसत आणि मुलीकडे न पाहता हात पुढे करत: ‘पाच सुताचा दे.’ मुलीने सहा सुताचा दिला तर ते रागावत नसत. तो पाना बोल्टवर चढवून, सैल फिरवून दाखवत. एकदा कडा घासली गेली की तो बोल्ट कुठल्याच पान्याने निघत नाही, एवढेच सांगत.

१९९० ते १९९३ ही तीन वर्षे सुनंदाबाईंनी परिचर्येचे शिक्षण घेतले. औषध देण्यापूर्वी ताडून पाहायच्या पाच गोष्टी तेथे इंग्रजीत पाठ करून घेतल्या जात: रुग्ण बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर, मार्ग बरोबर. सोबतच्या मुली पहिल्या चार गोष्टींना भीत, पाचवीकडे त्यांचे फारसे लक्ष नसे. सुनंदाबाईंचे लक्ष पाचवीवरच खिळले. त्याचे कारण व्याकरणाचे होते. मराठीत औषध तोंडावाटे जाते, शिरेवाटे जाते. प्रत्ययातच वाट आहे. तीच मात्रा, तेच औषध, आणि वाट बदलली की परिणाम मिनिटांत येईल, तासात येईल किंवा घातक ठरेल. पुढे शिकाऊ मुली त्यांच्या हाताखाली येऊ लागल्या, तेव्हा त्यांनी हे शिकवण्यासाठी एक मुंबईचे वाक्य तयार केले. ‘वाट चुकली की वाट लागली. कळलं का गं?’ मुली हसत आणि लक्षात ठेवत.

घाटकोपरच्या नर्सिंग होममध्ये त्या १९९८ साली लागल्या. निम्म्याहून अधिक रुग्ण गुजराती. म्हाताऱ्या बायका मराठीतून दिलेली गोळी घ्यायला कुरकुर करत, गुजरातीतून दिलेली निमूट घेत. सुनंदाबाई ती भाषा खाटांच्या कडेला उभ्या राहून शिकल्या, आणि सर्वांत आधी त्यातले आकडे शिकल्या: पोणी, सवा, दोढ, अढी, म्हणजे पाऊण, सव्वा, दीड, अडीच. दहा-बारा वर्षांत त्या इतक्या सफाईने बोलू लागल्या की नवे रुग्ण त्यांना ‘सुनंदाबेन’ म्हणून गावाचे नाव विचारत. ‘जालना’ म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते पाहायला त्यांना आवडत असे. २०११ साली त्या मेडिकल वॉर्डच्या इन्चार्ज झाल्या.

मानसी धुरी ही ऑक्टोबर २०१६मध्ये तेथे रुजू झाली. वय बावीस. जोगेश्वरी पूर्वेला घर. वडील दत्ताराम मूळचे कुडाळ तालुक्यातले. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी इमारतींवर राखणदारीच्या नोकऱ्या केल्या. मानसीची परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशन, सहा महिन्यांची होती. महापालिकेच्या रुग्णालयात जागा निघेल तेव्हा अर्ज करायचा, त्याला खासगी रुग्णालयातल्या सलग कामाचे अनुभवपत्र जोडायचे, हा तिचा आणि घरच्यांचा बेत होता. परिवीक्षेतच काढून टाकलेल्या मुलीला असे पत्र मिळत नाही, आणि पूर्व उपनगरांतली नर्सिंग होम्स एकमेकांना फोन करून विचारतात.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शांताबाई नावाच्या अडुसष्ट वर्षांच्या रुग्ण वॉर्डात दाखल झाल्या. डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होती. रक्त पातळ ठेवण्यासाठी त्यांना वॉर्फरिनच्या दोन मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज संध्याकाळी सात वाजता दीड गोळी. या औषधाची मात्रा रक्ताच्या तपासणीवरून ठरते. रक्त गोठायला किती उशीर लागतो हे सांगणारा एक आकडा प्रयोगशाळा देते आणि तो साधारण दोन ते तीनच्या दरम्यान राखायचा असतो. शांताबाईंना पोटासाठी दुसरे एक औषध सुरू झाले होते, त्याने वॉर्फरिनचा जोर वाढतो. मंगळवारी आकडा तीनच्या बराच वर गेला. प्रयोगशाळेने तो थेट डॉक्टरांच्या मोबाइलवर पाठवला. वॉर्डात कागद दुसऱ्या दिवशी येणार होता.

डॉ. नितेश वखारिया संध्याकाळी मुलुंडला आपल्या दवाखान्यात बसत. तेथूनच त्यांनी फोन केला. इकडे वॉर्डाबाहेर लिफ्टचे दार उघडे राहिल्याचा भोंगा वाजत होता.

‘सिस्टर, शांताबेननी वॉर्फरिन. दोढ बंध करो. आजथी अडधी.’

दीड बंद, आजपासून अर्धी, असा तो आदेश. सुनंदाबाईंनी ऐकले ते ‘अढी’. तोंडी आदेश ऐकल्यावर तो पुन्हा म्हणून दाखवायचा, हा नियम त्या कधी मोडत नसत. त्या दिवशीही मोडला नाही.

‘अढी ने, सर?’

‘हा, हा, अडधी.’

म्हणजे तपासणी झाली, आणि तपासणीने चुकीवर शिक्कामोर्तब केले. सुनंदाबाईंनी डॉक्टरांचा शब्द डॉक्टरांच्याच भाषेत परत दिला होता. डॉक्टरांना त्यात स्वतःचे वाक्य ऐकू आले. गुजराती न येणाऱ्या एखाद्या नव्या सिस्टरने ‘म्हणजे किती, सर?’ असे विचारले असते आणि ओरडा खाल्ला असता. मात्रेनेही शंका येऊ दिली नाही. दीडवरून एक पायरी खाली अर्धी येते आणि एक पायरी वर अडीच. दोन्ही पायऱ्या सारख्याच स्वाभाविक दिसतात. अडीच गोळ्या म्हणजे पाच मिलिग्रॅम, ही मात्रा त्यांनी शेकडो रुग्णांना दिलेली होती. औषधांच्या तक्त्यावर त्यांनी दीडवर आडवी रेघ मारली, २½ लिहिले, पुढे ‘फोनवरून, डॉ. वखारिया’ असे लिहून वेळ आणि स्वतःची सही घातली.

सात वाजता मानसी ट्रे घेऊन गेली.

‘काल दीड होती ना गं?’ शांताबाईंनी तळहातावरच्या गोळ्या मोजत विचारले. ‘आज एवढ्या? मी सुधारले की बिघडले?’

‘सुधारलात आजी. म्हणून बढती.’

‘बढती गोळ्यांची नको, घरी जायची दे.’

मानसीने हसून पाणी दिले. मात्र परत येऊन तिने तक्ता पुन्हा पाहिला आणि निघण्याच्या तयारीत असलेल्या सुनंदाबाईंना गाठले.

‘सिस्टर, वीस नंबरची वॉर्फरिन वाढवलीय ना? दीडची अडीच?’

‘हो गं. मीच घेतला फोन. परत विचारून घेतलंय.’

‘नाही, आजी विचारत होत्या म्हणून.’

‘विचारलंस ते चांगलं केलंस. असंच विचारत जा.’

या चार वाक्यांना दुसरा साक्षीदार नव्हता.

बुधवारी सकाळी डॉ. वखारिया फेरीला आले. आदल्या दिवसाचे सहा तोंडी आदेश सहीसाठी थांबलेले होते. त्यांनी बोलता बोलता सहाही ठिकाणी सह्या केल्या. रक्ताच्या अहवालाचा कागद आला तो केस पेपरात मागे लागला. आकडा डॉक्टरांनी आधीच पाहिलेला आहे, हे सर्वांना माहीत होते. बुधवारी आणि गुरुवारी मानसीने सात वाजता अडीच गोळ्या दिल्या. शुक्रवारी सकाळी शांताबाईंनी दात घासून चूळ भरली आणि बेसिन लाल झाले. हिरड्यांतून रक्त येत होते, लघवीचा रंगही बदललेला होता. तातडीने केलेल्या तपासणीत आकडा आठच्या जवळ निघाला.

डॉ. वखारिया अर्ध्या तासात पोहोचले. त्यांनी तक्ता पाहिला, २½वर बोट ठेवले आणि पहिले काम केले: वॉर्फरिन बंद, त्यावरचा उतारा व्हिटॅमिन के इंजेक्शन ताबडतोब. घाईत लिहिलेल्या त्या ओळीत इंजेक्शन कुठे द्यायचे हे नव्हते. त्या दिवशी मानसीची सकाळची पाळी होती. रात्रीच्या सिस्टरने तिला ते बेसिन दाखवले होते. तिने सिरिंज भरली आणि लांब सुई लावली. सुनंदाबाईंनी तिचे मनगट धरले.

‘कुठं देणार?’

‘कमरेत.’

‘का?’

‘व्हिटॅमिन के ना… लेबर रूमला बाळांना मांडीतच देतो आपण.’

‘ते बाळ आहे. हिचं रक्त गोठत नाहीये. स्नायूत सुई घातलीस तर आतल्या आत रक्त साकळेल. कागदावर काय लिहिलंय?’

‘इंजेक्शन लिहिलंय फक्त.’

‘मग थांब. वाट लिहून आणते.’

त्या कागद घेऊन डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या. ‘सर, वाट लिहा.’ डॉक्टरांनी वर पाहिले, कागद घेतला आणि लिहिले: शिरेवाटे, सलाइनमधून, अर्ध्या तासात, सावकाश. ते इंजेक्शन सुनंदाबाईंनी स्वतः लावले आणि अर्धा तास खाटेशी उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत हिरड्यांचे रक्त थांबले. रविवारी आकडा तीनच्या खाली आला. शांताबाई पुढे आठ दिवसांनी पायी चालत घरी गेल्या. त्यांना कायमची इजा झाली नाही, हे येथेच सांगून टाकावे, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यांच्या जिवाचा नव्हता.

प्रश्न एका रकान्याचा होता. नर्सिंग होमचा घटना-अहवालाचा छापील नमुना दोन पानी आहे. दुसऱ्या पानावर ‘चूक करणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव’ अशी एक ओळ आणि तिच्यापुढे एकाच नावाला पुरेल एवढी जागा. तो भरण्याचे काम वॉर्डच्या इन्चार्जचे. सोमवारी दुपारी संचालक डॉ. सुबोध नाडकर्णी यांनी सुनंदाबाईंना बोलावले. शांताबाईंचा मुलगा त्यांना दोनदा भेटून गेला होता. तो आरडाओरडा करणारा नव्हता. चूक कुणाची, एवढेच त्याला लेखी हवे होते.

‘तीनही दिवस गोळ्या दिल्या कुणी?’ डॉ. नाडकर्णींनी विचारले.

‘धुरीने.’

‘मग झालं. परिवीक्षेवर आहे, थांबवू या तिला. त्या मुलालाही सांगता येईल की आम्ही कारवाई केली.’

‘तिनं तक्त्यावर लिहिलेलं दिलं, सर.’

‘लिहिलेलं दिलं, मान्य. पण एकदम मात्रा वाढली तर नर्सनं विचारायचं असतं. तुम्हीच शिकवता ना मुलींना? आणि वखारियांचं म्हणणं, ते अर्धी म्हणाले होते. आता तुमच्या-त्यांच्यात मी कुठं पडू? तुम्ही इथं एकोणीस वर्षं आहात, तुमचं नाव मला त्या कागदावर नकोय. समजून घ्या.’

सुनंदाबाईंनी समजून घेतले. त्यांनी एक दिवस मागितला. मंगळवारी इन्चार्जच्या खोलीत त्या नमुन्याचे पहिले पान भरून बसल्या होत्या: रुग्ण, तारीख, वेळ, औषध, मार्ग. दुसरे पान कोरे होते. हे सांगताना त्यांनी स्वतःची बाजू सजवली नाही. मानसीचे नाव लिहायला आपला हात एकदा कागदावर टेकला होता, असे त्या म्हणाल्या. इन्चार्जपद मिळायला तेरा वर्षे लागली होती. वॉर्डात त्यांच्या आधीच्या दोन इन्चार्ज बायका त्यांच्या हातचा चहा घ्यायचे टाळत असत, आणि त्या गेल्यावर त्यांच्याच खुर्चीवर बसण्यात जे समाधान होते ते सोडणे सोपे नव्हते. शिवाय, त्या म्हणाल्या, नियम तर मी मोडला नव्हता. म्हणून दाखवलं होतं ना परत.

दुपारी चारला दत्ताराम धुरी आले. रजेच्या दिवशीही त्यांनी राखणदाराचा निळा शर्ट घातला होता. मानसीने त्यांना येऊ नका म्हणून सांगितले होते. ती जिन्यात उभी राहिली, आत आली नाही.

‘सिस्टरांनू, एक इचारूचा होता,’ ते दाराशीच थांबून, जिन्यातल्या मुलीकडे हात करत मालवणीत म्हणाले. ‘माझ्या चेडवाची चूक आसा काय?’

‘बसा ना.’

‘बसाक नाय इलंय. चूक असात तर सांगा, मी तेका घराक घेवन जातंय, कोणाक दोष देवचंय नाय. नसात तर तसा लिवन दिया. चार दिस ता जेवला नाय.’

‘तिनं मला विचारलं होतं,’ सुनंदाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले.

‘काय इचारल्यान?’

‘जे विचारायचं असतं तेच.’

दत्ताराम धुरी यांना त्यातले कितपत कळले, हे सांगता येत नाही. त्यांनी हात जोडले आणि ते निघून गेले. सुनंदाबाईंनी दुसरे पान पुढे ओढले. छापील ओळीत त्यांनी ‘सुनंदा भीमराज हिवराळे’ असे लिहिले. खालच्या मोकळ्या जागेत त्यांनी जे लिहिले त्याची प्रत त्यांच्याकडे आहे. त्या मजकुराची भाषा इतकी नेमकी आहे की येथे ती बदलण्याची गरज वाटली नाही:

‘फोनवर डॉक्टरांनी सांगितलेला शब्द: अडधी. मी ऐकलेला शब्द: अढी. मी परत म्हटलेला शब्द: अढी. त्यावर मिळालेले उत्तर: हो. मी मात्रा मिलिग्रॅममध्ये विचारली नाही. रक्ताचा अहवाल काय आला हे विचारले नाही. सिस्टर धुरी यांनी त्याच संध्याकाळी मात्रा वाढल्याबद्दल मला विचारले. मी त्यांना मात्रा बरोबर असल्याचे सांगितले. पहिली मात्रा त्यांनी माझ्या नोंदीवरून दिली होती, त्यानंतरच्या दोन माझ्या सांगण्यावरून दिल्या.’

बुधवारी हा कागद डॉ. नाडकर्णींच्या टेबलावर होता आणि डॉ. वखारिया समोर बसले होते.

‘मी अडधीच बोललो होतो,’ डॉ. वखारिया मराठीत म्हणाले.

‘हो सर. तसंच लिहिलंय मी. आणि मी अढी ऐकलं.’

‘मग परत बोलून दाखवायचं होतं ना?’

‘दाखवलं. तुम्ही हा, हा म्हणालात.’

डॉ. वखारियांनी कागद उचलला. मग त्यांनी स्वतःशीच, हलक्या आवाजात दोन्ही शब्द उच्चारून पाहिले. अडधी. अढी. पुन्हा एकदा, जरा घाईने. दुसऱ्या खेपेला डॉ. नाडकर्णींनाही फरक ऐकू आला नाही.

‘आणि गेल्या बुधवारी सकाळची माझी सही आहे तक्त्यावर,’ डॉ. वखारिया म्हणाले.

‘आहे.’

‘ते नाही लिहिलं तुम्ही.’

‘ते तुम्ही लिहायचं, सर.’

त्यांनी ते लिहिले नाही. मात्र त्याच दुपारी ते शांताबाईंच्या मुलाला भेटले आणि, त्या मुलाने पुढे सुनंदाबाईंना सांगितल्याप्रमाणे, ‘मी न वाचता सही केली’ हे वाक्य त्यांनी त्याच्यासमोर उच्चारले. मुलाने तक्रार पुढे नेली नाही. डॉ. नाडकर्णींनी अहवाल आहे तसा ठेवला, कारण त्यावर सही झालेली होती आणि मानसीने सुनंदाबाईंना विचारले होते ही गोष्ट आता कागदावर होती. कारवाई दाखवणे भाग होते. १ फेब्रुवारीपासून सुनंदाबाईंचे इन्चार्जपद काढले आणि त्यांना तळमजल्यावरच्या इंजेक्शनच्या खोलीत पाठवले. तेथे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, बाहेरून येणाऱ्या रुग्णांना चिठ्ठीवर लिहिलेली इंजेक्शने द्यायची. मानसीची परिवीक्षा एप्रिलमध्ये पूर्ण झाली आणि ती वॉर्डात कायम झाली.

इंजेक्शनच्या खोलीत सुनंदाबाई चौदा महिने होत्या. त्या काळात त्यांनी एक पद्धत बसवली. तिचे श्रेय त्या घेत नाहीत, कारण तिचे तुकडे पाठ्यपुस्तकांत विखुरलेले आहेत असे त्या म्हणतात. तोंडी आदेश परत म्हणताना डॉक्टर ज्या भाषेत बोलले ती भाषा वापरायची नाही. गुजरातीतून आला तर मराठीतून परत द्यायचा, मराठीतून आला तर इंग्रजी आकड्यांत. पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ‘शून्य पॉइंट पाच’, ‘दोन पॉइंट पाच’ असे अंक सुटे करून म्हणायचे. गोळ्यांची संख्या नव्हे, मिलिग्रॅम. शेवटी वाट. फोनवर डॉक्टर वैतागले तरी वाट विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

मराठी माणसाने अडीचला अडीच म्हणायचे नाही, याची वॉर्डात बरीच थट्टा झाली. त्यांचे नाव ‘पॉइंटबाई’ पडले. कँटीनमध्ये शेवंती मावशी त्यांना विचारत, ‘पॉइंटबाई, चहा एक पॉइंट शून्य देऊ की शून्य पॉइंट पाच?’

‘शून्य पॉइंट पाच. तोंडावाटे,’ सुनंदाबाई उत्तर देत.

मानसी मात्र हसत नसे. ती पहिल्या महिन्यापासून तसेच बोलू लागली आणि तिच्यामागून आलेल्या मुली तिचे ऐकून तसेच बोलू लागल्या. डॉ. वखारियांनी फोनवरून आदेश देणे थांबवले नाही. पण मात्रा सांगून झाली की ‘बोलो, पॉइंटमां बोलो’ असे ते स्वतःच म्हणू लागले. २०१८च्या एप्रिलमध्ये सुनंदाबाई पुन्हा वॉर्डात आल्या, इन्चार्ज म्हणून नव्हे. इन्चार्जपद दरम्यान दुसऱ्या सिस्टरकडे गेले होते आणि ते परत मागायला त्या गेल्या नाहीत. वखारियांशी त्यांचे बोलणे पूर्वीसारखे राहिले नाही, तुटलेही नाही. त्या त्यांच्याशी आता मराठीत बोलतात. रुग्णांशी गुजरातीतच.

शिक्षा योग्य होती का, असे मी त्यांना विचारले. ‘माझं नाव त्या ओळीत बरोबर होतं,’ त्या म्हणाल्या. ‘एकटं होतं, तेवढं चूक.’ छापील नमुन्यात दुसऱ्या नावाला जागा नव्हती, आणि सही करणाऱ्याच्या डोळ्यांना किंवा भोंगा वाजवणाऱ्या लिफ्टला रकाना नसतो. पण रकाना नाही म्हणून आपण त्या मुलीचे नाव लिहिले असते, तर ते कायम तिथेच राहिले असते. ती इंजेक्शनच्या खोलीत गेली नसती, सरळ घरी गेली असती. हे त्या कुठलाही आव न आणता सांगतात, जशी एखाद्या औषधाची मात्रा सांगावी.

मानसी धुरी यांनी त्या नर्सिंग होममध्ये दोन वर्षे सात महिने सलग काम केले आणि ३ जून २०१९ रोजी त्या पूर्व उपनगरातल्या एका महापालिका रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाल्या.